बाराच्या आतली खीर

त्या दिवशी तिथं कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे मागून गोंधळ नको. मी व्हते. माझी थोरली जाऊ व्हती, तिला मी बाई म्हणते. माझी नात व्हती, ती चंदीगडला दवाखान्यात नर्स हाय. गाडीवाला व्हता, तिथलाच, लाल गालाचा. ज्या घरी आमी उतरलो त्या घरची मालकीण व्हती. रस्त्याच्या कडंला खडी फोडणाऱ्या चार बाया व्हत्या. आन वरच्या विहारात एक म्हातारे लामाजी व्हते. बस, इतकेच. बाकी नुसते डोंगर.

मी सांगून राहिले आन नात लिहून राहिली. आमचं गाव सेनगावच्या बाजूचं. आमी दोघी जावा त्या घरात सुना म्हणून आलो तवा लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला. सरकारनं रस्त्याची कामं काढली. आमी खडी फोडायला जायचो. सकाळी पोटात काही न्हाई, दुपारी सुकडी, म्हंजे भाजक्या पिठाचा गोड भुगा, मिळायची. हाताला फोड यायचे, फोडावर दुसरे फोड. माझं हे उजव्या हाताचं बोट तवापासून वाकडंच हाय. तकलीफ झाली, पण सगळ्यायलाच झाली, म्हणून रडायला कोणी बसलं न्हाई.

त्याच टायमाला आमच्या वस्तीत एक भंते आले. पायी आले. उन्हात, हातात भिक्षेचं पात्र. आमच्या दारात उभे राहिले. घरात दाणा न्हाई. बाईनं सगळी मडकी पालथी करून बघितली. शेवटी तांब्याभर पाणी दिलं. भंतेनं पाणी पिलं, आशीर्वाद दिला आन म्हणले, मी हिमालयाकडं चाललो माय. आन गेले.

तेवढंच झालं. पण बाईच्या मनातून ते कधी गेलंच न्हाई. पन्नास वर्षं झाली, सणासुदीला ताटं वाढली की तिचं सुरू व्हायचं.

"माझ्या दारातून पात्र रिकामं गेलं गं."

मी म्हणायचे, "बाई, दुष्काळ व्हता."

"पात्राला काय ठावं दुष्काळ?"

 मी तिचं ताट तिच्यापुढं सरकवायचे.

मंग गेल्या साली नात घरी आली आन म्हणली, आजी, तुमी दोघी चला, तुमाला हिमालय दाखवते. स्पिती म्हणून मुलुख हाय, तिथं डोंगराच्या टोकावर विहार हायेत. बाई जात्याजवळ बसलती. ती तिथूनच म्हणली, "तिथल्या भंतेच्या पात्रात माझ्या हातची खीर पडली पाहिजे. बाराच्या आत. मंग माझे गुडघे गेले तरी चालंल."

बाराच्या आत काहून, ते सांगते. आमच्याकडचे भंते दुपारी बाराच्या नंतर जेवत न्हाईत. तो त्यायचा नेम हाय. म्हणून भोजनदान असलं की आमच्या विहारात बाया अकराला सगळा सैपाक तयार ठेवतात. बारानंतर ताट नेलं तर ते दान नव्हं, असं आमी लहानपणापासून ऐकलेलं.

पेरण्या झाल्या, खुरपणी सुनंवर टाकली आन निघालो. बाईनं वस्तीतल्या घराघरातून मूठ-मूठ तांदूळ जमा केले. आन पितळी पातेलं घितलं. नात म्हणली, "मोठी आजी, तिथं भांडी मिळतात."

"दुसऱ्याच्या भांड्यात माझं दान?"

ते पातेलं हिंगोलीच्या स्टेशनापासून बाईच्या मांडीवर. रेल्वेत दोन दिवस, मंग बसमधी, मंग जीपमधी. शेजारी बसलेल्या एकीनं विचारलं, यात काय हाय? बाई म्हणली, पन्नास वर्षं हायेत.

डोंगराचा रस्ता म्हंजे काय सांगू. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल नदी, मधी आमची जीप. मी डोळे मिटून घितले. गाडीवाला म्हणला, "माताजी, आँख खोलो, पैसा दिया है।" मी म्हणलं, "पैसा नातीनं दिला, डोळे तिनं उघडावं." पण हळूहळू उघडले. आन मंग मिटायचं नाव न्हाई. तिथं एक बाभळ न्हाई, एक लिंब न्हाई. आमच्या माळावर निदान तरवड तरी उगवतो. तिथं नुसतं दगड-माती, पण रंग किती! एक डोंगर तर उकडलेली हळद वाळत घातल्यावानी पिवळा. बाई म्हणली, "वसमतचा बाजार उलटला गं इथं." आमी दोघी पोट धरून हसलो. हसल्यावर दम लागला. तिथं हवाच पातळ. नातीनं गोळ्या दिल्या, खालच्या एका गावात दोन दिवस थांबवलं, पाणी पाजून पाजून बेजार केलं. लुगड्यावर तिची जाकिटं, डोक्यात कानटोप्या, पायात मोजे. एकमेकीकडं बघून आमी रोज सकाळी हसायचो.

तिसऱ्या दिवशी वरच्या गावात गेलो, रातीला तिथंच राहिलो. विहार तिथून अर्ध्या तासावर. घरची मालकीण चांगली व्हती, तिनं तिच्या गायीचं दूध दिलं, स्टो दिला आन ती सकाळीच वाटाणे तोडायला शेतात गेली. नात आन गाडीवाला गाडीचं चाक बघत बसले. आमी दोघींनी सहाला पातेलं चढवलं.

पाणी तर लगेच उकळलं. धडाधडा. बाई खूश. तांदूळ टाकला. सात वाजले. दाणा दाबून बघितला, कच्चा. आठ वाजले, कच्चा. पाणी उकळून उडून जायचं, आमी परत वतायचो. नऊ वाजले, वरून फुगलेला आन आतून खडा.

बाई म्हणली, "तू पाणी कमी घातलंस."

"तीनदा घातलं, बाई."

"मंग तांदूळ कोणाच्या घरचा लागला गं हा? ती कोपऱ्यातल्या घरची, ती मुद्दाम जुना देते."

"सगळ्यायचा एकजाग हाय. एकटीचा कच्चा कसा राहील?"

"तूच तिच्याकडून बोल."

साठ वर्षं सैपाक केला, तीन दगडावर केला, चिपाडावर केला, पावसात छत्री धरून केला. आन इथं उकळतं पाणी दाणा शिजवंना. बाईच्या डोळ्यात पाणी आलं. ती म्हणली, "माझंच पाप आडवं येऊन राहिलं." मला हसूबी येईना आन रडूबी.

साडेदहाला मालकीण शेतातून आली. तिनं पातेल्यात डोकावून बघितलं आन अशी हसली, अशी हसली, खालीच बसली. मंग हातानं शिट्टीची खूण केली आन आतून कुकर आणला. नात पळत आली. तिनं कपाळाला हात लावला. म्हणली, "आजी, इतक्या उंचीवर पाणी कमी गरमीतच उकळतं. कुकरशिवाय इथं काही शिजत न्हाई. मी नर्स असून माझ्या डोक्यात आलं न्हाई."

बाई म्हणली, "शिकून काय केलं मंग?"

कुकर लहान, तांदूळ लई. तीन येळा लावला. मंग पातेल्यात दूध, साखर, वेलदोडा. सव्वाअकराला पातेलं जीपमधी. नातीनं रस्त्यात भूक लागंल म्हणून एक लहान डबा खिरीनं भरून घितला. बाई म्हणली, "हाण रे गाडी."

आन निम्म्या वाटंत रस्ता बंद. वरून दरड आलती, मशीन दगड लोटून राहिलतं. समोर लाल झेंडा. गाडीवाला म्हणला, एक घंटा. बाईनं नातीच्या मोबाईलात बघितलं. साडेअकरा.

तिथं कडंला चार बाया खडी फोडत बसलत्या. झारखंडाकडच्या. तोंडाला फडकं, हातात हातोडी. दगड उडू नये म्हणून टायरच्या रबराचं कडं करून त्यात दगड ठेवायच्या आन मारायच्या. आमी खाली उतरलो. मी ते कडं हातात घितलं. आमच्या टायमाला हे असतं तर माझं बोट सरळ राहिलं असतं.

बाईला नुसतं बसवंना. ती त्यातल्या एकीजवळ गुडघा धरत बसली, तिच्या हातातून हातोडी घितली आन दगडाची शीर बघून एकच घाव घातला. दगडाचे बराबर चार तुकडे. बाया बघतच राहिल्या. एक म्हणली, "अम्मा, कहाँ सीखा?"

बाई म्हणली, "भुखमें."

हातोडी चालू, पण नजर सगळी मोबाईलावर. पावणेबारा. बारा. बारा वाजले तवा तिनं हातोडी खाली ठेवली.  त्या बाया विचारत व्हत्या, पातेल्यात काय हाय, वास लई चांगला येऊन राहिला. बाई म्हणली, "दान का है." त्यायनं मान हलवली.

रस्ता उघडला तवा एक वाजलता. विहारात पोचलो तर सव्वा. नात म्हणली, "मोठी आजी, आता आलोच हाओत तर दे." बाई पायऱ्यावर बसली. लामाजी बाहेर आले. ऐंशीच्या वरचे, तोंडात दोन-तीन दात. नातीनं त्यायला हिंदीत सगळं सांगितलं. ते म्हणले, हमारे यहाँ ठंड है, हम तो शाम को भी खाते हैं. आन पातेल्याजवळ येऊन बसले.

बाईनं झाकणावर हात ठेवला.

"हे काय म्हणून राहिले गं?"

"मोठी आजी, इकडची रीत वेगळी हाय. इकडं संध्याकाळीबी चालतं."

"नेम काय गावागावाला बदलत असतो व्हय?" मंग लामाजीकडं बघून तिच्या हिंदीत म्हणली, "बारा के बाद नहीं. तुमको कोई कुछ नहीं बोलेगा. मेरेको लगेगा."

नात लाजंनं लाल झाली. लामाला त्यायचाच धर्म शिकवून राहिली म्हातारी! लामाजीनं आधी झाकणावरच्या तिच्या हाताकडं बघितलं. मंग हसायला लागले, हसता हसता खोकला लागला. म्हणले, "ठीक है माताजी. कल. बारह से पहले. यहीं ठहरो."

गाडीवाला म्हणला, कल मेरी दूसरी सवारी है. बाईनं त्याला वाटीभर खीर दिली. तो काही भंते नव्हता, त्याला चालत व्हतं. त्यानं तीन वाट्या खाल्ल्या आन फोन करून दुसरी सवारी भावाला देऊन टाकली.

"आता ह्या खिरीचं काय करावं?" नात म्हणली.

बाई उठली. "चल खाली. त्या बाया अजून बसल्या असतील."

ती, नात आन गाडीवाला पातेलं घेऊन खाली गेले. मला दम लागलता, मी पायरीवरच राहिले. बाजूला नातीची पिशवी, तिच्यात तो डबा. लामाजी जवळ येऊन बसले. त्यायला मराठी येईना, मला त्यायची बोली येईना. दोघं जण डोंगराकडं बघत बसलो. मधीच त्यायनं पिशवीकडं बघितलं. मंग डोंगराकडं. मंग परत पिशवीकडं. मला राहवलं न्हाई. म्हातारा माणूस, समोरून पातेलं उचलून नेलेलं. मी डबा काढला आन पुढं केला. त्यायनं खालच्या रस्त्याकडं बघितलं, जीप वळणाआड गेली याची खातरी केली, आन खाल्ली. बोटानं डबा पुसून खाल्ला. मंग सोता नळावर जाऊन धुतला, पुसला आन व्हता तसा पिशवीत ठेवला.

बाई आली ती रंगात. त्या बायांनी पातेलं रिकामं केलं, एकीनं तिला टायरचं कडं भेट दिलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी ती चारला उठली. विहाराचा मोठा कुकर, मोठी चूल. खेड्यातून आणलेले वाटीभर तांदूळ राहिलते ते, आन तिथले थोडे. दहाला खीर तयार. लामाजी तर साडेनऊपासूनच पात्र मांडीवर घेऊन बसलते. आमी पंचशील म्हणलं. त्यायनं त्यायच्या भाषेत म्हणलं. मंग बाईनं पळी भरली. पळी जड व्हती, म्हणून मी खालून मनगट धरलं. पात्र काठोकाठ भरलं तरी ती वाढतच व्हती. लामाजीनं हात आडवा केला न्हाई.

त्यायनं पहिला घास घितला आन डोळे मिटून, भरल्या तोंडानं म्हणले, "वाह. आज तो कल से भी अच्छी है।"

बाईनं नातीला विचारलं, "काय म्हणले?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. मी डोंगराकडं बघितलं.

"चांगली झाली म्हणले, मोठी आजी."

"व्हय?" बाईनं पदरानं तोंड पुसलं. तिथून उठली तवा तिला गुडघ्याची आठवणबी राहिली न्हाई, पायऱ्या सरळ उतरली.

आता ती रोज कोणाला ना कोणाला बसवून सांगते, हिमालयात भंतेनं माझी खीर बाराच्या आत खाल्ली, मी त्यायला नेम मोडू दिला न्हाई. सणाला ताटं वाढली तरी आता ती दुसरं काही बोलत न्हाई, नुसती जेवते. पोटभर जेवते.

म्हणून जे कोणी हे वाचंल त्यानं माझं येवढं ऐकावं. आमच्या गावाकडं आलात तर आमच्या घरी या, च्या घ्या, बाईकडून सगळं ऐका. पण त्या डब्याचं तिला सांगू नका. तिला वाचता येत न्हाई, पण ऐकू लई चांगलं येतं.