वेळेआधी वाजणारी पेटी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत एका हळद व्यापाऱ्याच्या मुलानं गोदामाच्या वरची खोली रिकामी करून तिथं रेकॉर्डिंगची सोय केली होती. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला होता म्हणून मला तिथं काम मिळालं. संगीतातलं मला फारसं कळत नव्हतं. ते गाणारे-वाजवणारे बघून घेतील, तू मशीन बघ, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दिवाळीनंतर कुंडलच्या एक शिक्षिका आल्या. त्यांच्या वडिलांनी गावातल्या गायन पार्टीसाठी चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी लिहिली होती. वडील गेले, गाणी राहिली. पुढच्या जयंतीच्या आत त्यांची कॅसेट काढायची, असं बाईंनी ठरवलं होतं. पेटी वाजवायला त्यांनी औंधहून वडिलांचे जुने साथीदार आणले. ते पलटणीच्या बँडमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, आणि पार्टीत अजूनही पेटी वाजवणारे. सत्तरीच्या जवळपास, अंगानं सडसडीत. बाई त्यांना काका म्हणायच्या, म्हणून मीही म्हणू लागले.

काकांनी स्वतःची पेटी आणली होती, पण खाली दिवसभर पोत्यांचे ट्रक लागायचे. माईक लावला की पेटीआधी हमालांचा आवाज यायचा. गाणं बाईच म्हणायच्या; ते दुपारी, हमाल जेवायला गेले की सामसूम असताना घेता येई. पेटीला तेवढा वेळ पुरत नव्हता. मालकांनी नुकतंच एक प्लगिन आणलं होतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं हे आणखी एक छोटं सॉफ्टवेअर. वाद्याचा आवाज त्याच्यात असायचा. कॉम्प्युटरला जोडलेल्या, वाजवायच्या कीबोर्डची पट्टी दाबली की आतून थेट पेटी वाजायची. काकांनी दोन-चार पट्ट्या दाबून बघितल्या.

“आवाज झ्याक हाय,” ते म्हणाले. “पर जरा सुस्त हाय गड्या हे.”

खरंच, पट्टी दाबल्यावर आवाज किंचित उशिरा यायचा. पहिलं गाणं वाजवताना त्यांचा थोडा गोंधळ झाला. मग बसला हात. हेडफोन लावून, डोळे मिटून ते वाजवत होते आणि पेटी बाईंच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजाबरोबर नेमकी जात होती. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मी ते गाणं परत लावलं. पेटी आधी आणि बाई मागून, असं ऐकू येत होतं. प्रत्येक ओळीला पेटी पुढं पळायची.

“काका, जरा आधी येतंय का?” बाईंनी हळूच विचारलं.

पुन्हा घेतलं. वाजवताना बरोबर, ऐकताना पुढं. आणखी एकदा घेतलं तरी तेच. काकांनी हेडफोन काढून ठेवला.

“मी लयीतच वाजवलं,” ते म्हणाले, आणि मग माझ्याकडं न बघता, “मला तरी तसं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. त्यांनी बाईंकडं निरोप ठेवला होता: आता कान ऱ्हायला न्हाई, दुसरा कुणीतरी बघा.

मालकांना वयाचं कारण पटलं. तरी त्यांनी मला प्लगिन एकदा तपासायला सांगितलं. नव्या सालात सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी चर्चा तेव्हा चहाच्या गाड्यांवरही चालायची, आणि हा त्यातलाच प्रकार असेल अशी त्यांना शंका होती. मी प्लगिन काढून परत टाकलं. मशीन बंद-चालू केलं. आवाजाचा उशीर कमी करायची एक सेटिंग होती, ती खाली आणली. तर पेटीत मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायला लागला. परत वर नेली.

शेवटी मी स्वतःच कीबोर्डवर बसले. मला पेटी येत नव्हती, म्हणून नुसत्या ठोक्यावर एक पट्टी दाबत राहिले. वाजवताना आवाज मागं पडत होता. परत लावलं तर ठोक्यावर पडत होता. काकांच्या नेमकं उलट.

मग मी काकांचं वाजवणं पडद्यावर उघडलं. तिथं प्रत्येक सूर आडव्या पट्टीसारखा दिसायचा आणि मात्रांच्या उभ्या रेघा असायच्या. काकांचा प्रत्येक सूर रेघेच्या आधी होता. पण सगळे सारख्याच अंतरानं आधी होते. पहिल्या कडव्यात तेवढंच, शेवटच्या कडव्यात तेवढंच. लय सुटलेला माणूस इतकं सारखं चुकत नाही.

फोनवर हे सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि फोन त्यांच्या घरी नव्हताही. रविवारी विट्याला गाडी बदलून मी औंधला गेले. काका अंगणात उन्हाला बसले होते. त्यांच्या बायकोनं चहा टाकला आणि आतून म्हणाली, “आल्यापास्नं पेटीला हात लावला न्हाई बगा. पार्टीतल्यास्नीबी सांगून टाकलं, दुसरा मानूस बगा म्हनून.”

“पलटणीत पाय चुकला की मानसाला रांगेतनं भाईर काढत्यात,” काका म्हणाले. “मी आपला आपनच निगालो. तू कशाला तरास घेतलास पोरी?”

मी विचारलं, “काका, पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा यायचा ना? मग तुम्ही काय केलंत?”

“काय करायचं? अगुदर दाबायला लागलो. आवाज टायमात पडला पायजे नव्हं?”

“कॉम्प्युटर आवाज टिपून घेत नव्हता. तुम्ही पट्टी केव्हा दाबली, तेवढंच टिपत होता. परत लावताना उशीर होत नाही. म्हणून सगळं आधी वाजलं.”

काकांनी बोटांनी मांडीवर ठेका धरला, थांबवला.

“म्हंजी मी बरुबर हुतो?”

“अगदी बरोबर.”

“आवं, ऐकलं का,” बायको दारातनं म्हणाली. काकांनी चहा पुरता संपवला.

पुढच्या आठवड्यात ते सांगलीला आले. वाजवताना प्लगिनचा आवाज मी बंद ठेवला आणि कीबोर्डचा स्वतःचा हलका आवाज त्यांच्या कानात सोडला. तो लगेच यायचा. परत लावताना प्लगिन चालू केलं. पेटी जागेवर पडली. बाईंनी तोंडाला पदर लावला आणि खिडकीकडं वळल्या.

कॅसेट जयंतीच्या आधी तयार झाली. पण पार्टीत तोवर कुंडलचाच एक दुसरा पेटीवाला बसला होता. आपली जागा परत मागावी असं काकांना वाटलं नाही. त्यानंतरही ते आमच्याकडं बऱ्याच रेकॉर्डिंगला आले. दर वेळी गाणं संपलं, की हेडफोन न काढताच काचेतून माझ्याकडं बघायचे आणि विचारायचे, “बरुबर हाय नव्हं?”

पूर्वी ते असं विचारत नसत, असं बाईंनी मला एकदा सांगितलं.