तेरच्या भिंतीवर सरळ झालेली तेरणा

नवरा म्हणाला, लोक सुट्टीत समुद्रावर जातात, तू भिंत रंगवायला चाललीस. चाललेच! तेरच्या संग्रहालयात आम्ही पाच चित्रकार मिळून एक लांबलचक भिंत रंगवणार होतो, आणि आखणी माझ्याकडं होती.

पुण्याहून सकाळच्या एसटीनं धाराशिव गाठलं. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा वाचलेल्या पैशांचे तिथले गुलाबजाम खा, प्रसिद्ध आहेत. पुढं तेरची एसटी तासाभरात पोचवते. थंडीत गेलात तर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते. संग्रहालयाची वेळ आधी विचारून घ्या. जुने मणी आणि भाजक्या मातीच्या बाहुल्या बघताना माझा तर पायच निघेना.

भिंतीचे पाच तुकडे, प्रत्येकाला एक. खालून मात्र एकच तेरणा नदी वाहणार. मी ऐटीत फर्मान काढलं, "पाण्याची रेघ जमिनीपासून अडीच फुटांवर." प्रत्येकानं आपल्या तुकड्याच्या मध्यावर मोजलं आणि सरळ रेघ ओढली.

टोकाला आमची नावं लिहायला कळंबचे बब्रुवानकाका आले होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण फ्लेक्स आले आणि नऊ वर्षं ब्रश कोरडाच. नावांच्या जागेवर रेघा आखता आखता ते मला हळूच म्हणाले, "ताई, जमिनीवरनं मोजू नका. जमीन तिकडं उतरती हाय."

"बघू काका," मी म्हणाले. पोरांना नाही म्हणायचं असतं ना, तसल्या सुरात.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी-पिठलं हाणून मागं सरकून पाहिलं, तर नदी पायऱ्या उतरत होती! दर जोडावर चार बोटं खाली. उद्या सकाळी शाळेची मुलं बघायला येणार होती. मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की काकांनी काल बजावलं होतं, मीच शहाणपणा केला. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

काकांनी गवंडी वापरतात तसली पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरायला लावली, पाण्याच्या पातळीवर खुणा केल्या, नीळ लावलेली दोरी ताणली आणि फट्कन सोडली. पूर्ण भिंतभर एक निळी रेघ उठली. तिच्यावर आम्ही सहाही जण दिवे लागेपर्यंत नदी रंगवत होतो. सगळ्यात लांब पट्टा काकांचा.

सकाळी मुलं नदीच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत पळाली. आम्ही काकांना म्हणालो, तुमचंही नाव लिहा. ते नको नको म्हणत राहिले. मी ब्रश त्यांच्या हातात दिला, तेव्हा कुठं वाकले आणि पाच नावांखाली सावकाश लिहिलं: पेंटर बब्रुवान, कळंब. अक्षर जराही दाटलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, खाली बरोबर एका ओळीची जागा मोकळी होती.

"ही जागा कधी सोडलीत काका?"

"पयल्याच दिवशी." ब्रश पुसत ते म्हणाले. "पाटीच्या खाली पेंटरचं नाव असतंय. सवय हाय."

घरी येऊन आठवडा झाला. नवऱ्याला फोटो दाखवला, तर त्याला नदी आवडली. मी मात्र फोटो मोठा करून ती शेवटची ओळच बघत बसते. मी "बघू काका" म्हणाले, तेव्हाही ती भिंतीवर आखलेली होती.