विदोसावाची खोली

भाजलेल्या मिरच्यांचा वास त्या कारखान्यात कुठेही गेलं तरी मागे लागायचा, डायरेक्टरच्या टायलासुद्धा यायचा. फक्त विदोसावाच्या खोलीत तो शिरत नसे. तिथे जुने कागद, शाई आणि विदोसावाची कॉफी ह्यांनी मिळून त्याला उंबऱ्यावरच अडवलेलं असे.

सर्बियातल्या लेस्कोवात्सजवळच्या त्या कारखान्यात मिरच्या भाजून ऐवार, म्हणजे त्यांची घट्ट चटणी, करतात. बरणी भरली की तिच्यामागोमाग एक कागद यायचा: मिरची कोणाच्या शेतातली, फवारणी कधी झाली, शिजवलं कोणी, झाकण कधी बसलं. विदोसावा तो चष्मा लावून वाचायची, रजिस्टरात चढवायची, कोपरापासून जोर लावून शिक्का मारायची आणि मगच फाइलला लावायची. शिक्का पुसट उठला तर कागद आणणाऱ्याकडे असं बघायची, की शाई त्यानेच प्यायली असावी.

डायरेक्टर ल्युबिशा परदेशातल्या एका प्रदर्शनाला जाऊन आला आणि डोकं बदलून आला. येताना मशीन ठरवूनच आला होता. लहान फ्रीजएवढं ते खोकं कॉरिडॉरमध्ये बसलं, त्यावर हिरवे दिवे लुकलुकायला लागले, आणि हुकूम निघाला: सगळे कागद मशीनमध्ये उतरवायचे, मग बॉयलरमध्ये टाकायचे. ह्यापुढे कोणाकडे कागद सापडला, तर त्याचा हंगामाचा बोनस गेला.

"आणि विदाताई, व्हिएन्नाच्या गिऱ्हाइकाचा तपासनीस एकदा येऊन गेला, की ह्या खोलीत आपण पाहुण्यांना ऐवार चाखायला बसवणार. तुम्हाला गेटवर टेबल देतो. ऊन छान येतं तिथे."

"मी काय मांजर आहे, ऊन खायला?"

ल्युबिशा हसला. विदोसावा हसली नाही. सबंध उमेदीचं आयुष्य तिने त्या खोलीत काढलं होतं. नवरा रागावला की ती खोलीत यायची, आणि नवऱ्यावर रागावली तरी खोलीतच यायची. गेटवर बसून करायचं काय, ट्रक मोजायचे?

कागद मशीनमध्ये उतरवायचं काम हिशेबनीस झिवानाकडे आलं. दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या, त्यामुळे एकमेकींशी गोड बोलायची गरज त्यांना कधी पडली नाही.

"एक बटण दाबलं की झालं, विदा. तू शिक्का मारीपर्यंत माझं पोतंभर उरकतं."

"उरकतं ग. तुझं लग्नसुद्धा असंच उरकलं होतं."

उतरवलेले कागद बॉयलरकडे न्यायचं काम मात्र विदोसावाने मागून घेतलं. मिरच्यांच्या रिकाम्या पोत्यांतून ते गेटबाहेर पडले आणि तिच्या कोठीत, आंबवलेल्या कोबीच्या पिंपामागे जाऊन बसले. नवरा म्हणाला, "कोबी काढायला गेलो तर हाताला पावत्या लागतात." ती म्हणाली, "मग हात धुऊन जा."

तपासनीस यायच्या आदल्या दिवशी सकाळी पाद्री गाव्रिलो आले. कारखान्याची स्लावा, म्हणजे रक्षणकर्त्या संताचा सण, तोंडावर आलेली. त्याआधी पाणी मंतरून ते तुळशीच्या जुडीने सगळीकडे शिंपडायचं असतं. बापू गाव्रिलोंचा हात मुळातच सढळ. भट्ट्या झाल्या, बरण्या झाल्या, सगळे मेणबत्त्या धरून मागे. मिरवणूक कॉरिडॉरमध्ये आली आणि विदोसावा नम्रपणे म्हणाली, "बापू, ह्या खोक्यावर जरा जास्त शिंपडा. आमच्या सगळ्या मिरच्या आता ह्याच्या पोटात आहेत."

तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. झिवाना अजून एक सांगते, विदोसावा दुसरं सांगते, आणि बापू म्हणतात की आशीर्वादाने कोणाचं वाईट होत नाही. झालं एवढंच, की बापूंनी जुडी पुरती बुडवून तीनदा झटकली, मशीनच्या वरच्या जाळीतून पाणी आत गेलं, काहीतरी चर्र झालं आणि हिरवे दिवे गेले.

ल्युबिशाने हातातली मेणबत्ती जाळीजवळ नेऊन आत बघितलं.

"दुसरी प्रत कुठे असते ह्याची?" झिवानाने विचारलं.

"दुसऱ्या प्रतीचे वेगळे पैसे मागत होते," ल्युबिशा म्हणाला.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, सोमवारनंतर बघू. तपासनीस उद्या येणार, आणि बरणीचा जन्म दाखवता आला नाही तर व्हिएन्नाचा सगळा माल परत. आसपासची निम्मी शेतं त्या मालावर जगत होती.

विदोसावा घरी गेली आणि कोबीच्या पिंपासमोर बसून राहिली. कागद काढले तर तपासणी पार पडणार. तपासणी पार पडली की खोली गेली, आणि हुकूम मोडल्याबद्दल बोनसही. गप्प बसली तर तिला कोणी काही विचारणारसुद्धा नव्हतं. अशी फजिती तिने आजवर फक्त दुसऱ्यांची बघितली होती, आणि आवडीने बघितली होती. नवरा दारातून म्हणाला, "कोबी काढतेयस का?"

"पोती उचलायला ये," ती म्हणाली.

सकाळी ती पोत्यांसकट कारखान्याच्या अंगणात आली, तेव्हा तिथे ड्रायव्हर तिहोमिर ट्रकच्या सीटखालून प्लास्टिकच्या पिशव्या ओढत होता. ने-आण केलेल्या मालाचे कागद, प्रत्येकाची जादा प्रत. "पोलिसाने अडवलं तर मी त्याला काय, हिरवे दिवे दाखवू?" तो म्हणाला. झिवाना तिच्या लग्नातली सुटकेस घेऊन आली. मशीनमध्ये घालण्याआधी तिने प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ठेवली होती.

"एक बटण दाबलं की झालं, नाही का ग?" विदोसावा म्हणाली.

"गप बस. तुझ्या पोत्यांना कोबीचा वास मारतोय."

तेवढ्यात ल्युबिशाची गाडी आत आली. तो उतरला, पोत्यांकडे बघितलं, सुटकेसकडे बघितलं, मागे गेला आणि गाडीची डिकी उघडली. आत खोकी होती. खोक्यांत कागदांच्या प्रती.

"असू द्यावे म्हटलं," तो म्हणाला. "माझ्या बापाची पेन्शन एका चिठोऱ्यावरून सुटली होती."

बोनसचं नाव त्या दिवशी कोणी काढलं नाही.

तपासनीस लिंडनर उंच आणि गंभीर माणूस होता. त्याने फळीवरची एक बरणी उचलली आणि म्हणाला, हिचं सगळं दाखवा. त्याच्यासमोर त्याच बरणीचे चार कागद आले. डायरेक्टरकडचा होता फवारणीची तारीख दुरुस्त करण्याआधीचा. झिवानाच्या झेरॉक्समध्ये दुरुस्ती आली होती, पण सही कापली गेली होती. तिहोमिरच्या कागदावर सॉसेजचा डाग होता आणि डागाखाली वजन. विदोसावाच्या कागदावर दुरुस्ती, सही, नंबर, शिक्का, आणि कोबीचा वास.

"ह्यातला खरा कुठला?" लिंडनरने विचारलं.

चौघांनीही आपापल्या कागदावर बोट ठेवलं. लिंडनरने पेन खाली ठेवलं. मग ल्युबिशाने आपलं बोट हळूच उचललं आणि विदोसावाच्या कागदावर नेलं.

"हा," तो म्हणाला.

लिंडनरने कागद नाकाजवळ नेला, दूर धरला आणि लिहायला घेतलं. माल पास, पण एका अटीवर. सगळ्यांकडच्या प्रती गोळा करायच्या. कागद आणि मशीन दोन्ही एकाच जागी, कुलपात, आणि एकाच माणसाच्या हाताखाली. माणसाचं नाव इथे लिहा.

"खोलीचंही लिहा," विदोसावा म्हणाली. "म्हणजे नंतर कोणाला ऐवार चाखायला बसवायचं सुचणार नाही."

ल्युबिशाने नाव विदोसावाचं लिहिलं, आणि खोलीही लिहून दिली. पाहुणे आता गेटवर चाखतात, उन्हात, आणि खूश असतात.

आठवड्याने वाळलेलं, दुरुस्त झालेलं मशीन खोलीत आलं आणि विदोसावाला जिंकल्याचं दुःख कळलं, कारण आता ते तिलाच शिकावं लागणार होतं. शिकवायला झिवाना. ती खुर्ची ओढून बसली, हातात कॉफी, चेहऱ्यावर उभ्या जन्माचं समाधान.

"हे दाब. हे नको, हे. आता नाव टाक. झालं, गेला कागद आत."

"आणि शिक्का?"

"ह्याला शिक्का लागत नाही, विदा."

"मग ह्याला कळणार कसं, कागद मी बघितलाय ते?"

झिवानाने कॉफीचा घोट घेतला. "दाब पुढचं," ती म्हणाली.