अर्धं डोकं

"धोकटी आण," तो म्हणाला. "हितंच बसतो."

निरगुडसरच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड. रिंगणात माणसं, झाडांवर माणसं, सोडलेल्या बैलगाड्यांवर माणसं. माझ्या अंगाला माती, दातांत माती. नुकतंच मी सर्जेराव पैलवानाला पाठीवर पाडलं होतं. इनामदारांनी पोसलेला पैलवान. जुन्नर-आंबेगावात पोरं खेळताना त्याचं नाव घ्यायची. तो उठला, मांडी झटकली, इनामदारांच्या बैठकीपुढचा पाट ओढला आणि फडाच्या मधोमध मांडून त्यावर बसला. मग मला धोकटी आणायला सांगितली. वस्तरा, कात्री, आरसा, पाण्याची वाटी ठेवायची आम्हा न्हाव्यांची चामड्याची पिशवी. ती तेलाच्या बुधल्याशेजारी पडली होती. कारण मी तिथं पैलवान म्हणून आलोच नव्हतो. त्याचं अंग चोळायला आलो होतो.

लोक हसले. एका कडेनं हसणं उठलं आणि सगळ्या रिंगणात फिरलं.

मी गेलो आणि धोकटी घेऊन आलो.

हे कसं झालं ते सांगतो.

मी पिंपरी पेंढारचा. बा गावची हजामत करायचा, खळ्यावर बलुतं मिळायचं, त्यात आम्ही जगायचो. कुस्ती मला मामानं शिकवली. नदीच्या वाळूत. मामा अंगानं बारीक, पण त्याच्या हातात सापडलं की सुटका नव्हती. तो प्लेगात गेला. साथ ओसरली, लोक रानातल्या झोपड्या मोडून गावात परत आले, आणि इनामदारांचा माणूस आमच्या दारात आला. जुन्नरच्या तालमीत पैलवानाचं अंग रगडायला न्हावी पाहिजे. आमच्या गावातली निम्मी चांगली जमीन इनामदारांची. आमचं बलुतं तिथूनच येणार. बानं मला विचारलंसुद्धा नाही. जा म्हणाला, मी गेलो.

तालमीतला हौदा मी खणायचो. माती मळायची, तेल-ताक-हळद घालायची, ढेकळं फोडायची. सर्जेराव उठायच्या आधी हे सगळं झालेलं पाहिजे. बाकीचे पैलवान पहाटे लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून यायचे. हा खाली नदीकाठी बसायचा आणि ते उतरून आले की त्यांच्यात मिसळून घामाघूम झाल्यासारखा तालमीत शिरायचा. दूध पहिलं त्याचं. बदामाची थंडाई त्याची पिऊन झाल्यावर भांड्यात उरेल ती बाकीच्यांची. बहुतेक वेळा उरायची नाही. मुद्दाम उरू द्यायचा नाही तो. पोट भरलं तरी संपवायचा.

तो दुबळा नव्हता. माझा सगळा संताप तिथंच आहे. अंग असं होतं की देवानं सवडीनं घडवलेलं. लढला असता तर दहा गावांत त्याला जोड मिळाली नसती. पण त्याला लढायचं नव्हतं, जिंकायचं होतं. समोरचा तोलाचा आला की याचा खांदा दुखायचा. हलका आला की हा फुलायचा. आणि पडलेल्याला सोडायचा नाही. कुस्ती झाल्यावर वरचा खालच्याला हात देतो, पाठ थोपटतो. ही रीत मला मामानं डावांच्या आधी शिकवली होती. सर्जेरावानं कुणाला हात दिलेला मी पाहिला नाही.

कोंडाजी नावाचा एक गडी होता. डोंगराकडचा कोळी, हसतमुख. तालमीत सर्जेरावाशी जोर करायचा, म्हणजे सरावाची कुस्ती. एक दिवस त्यानं खेळता खेळता सर्जेरावाला गुडघ्यावर आणलं. बाकीचे हसले. तेवढंच. पुढच्या खेपेला सर्जेरावानं त्याचा पाय धरला, पाडला, आणि कोंडाजी आडवा पडल्यावरही गुडघा पिळत राहिला. कोंडाजी "बास, बास" म्हणत होता. आवाज झाला तेव्हा सोडला. वरून म्हणाला, "मातीत आलास तर मातीवानी ऱ्हा." कोंडाजीला पाठीवर घालून त्याचे भाऊ घेऊन गेले. तो आज काठी टेकत चालतो.

त्यानंतर सर्जेरावाशी जोर करायला कुणी उभं राहीना. मग वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. म्हातारे, डोळ्यांत सुरमा घालणारे, मातीचे पक्के जाणकार. ते म्हणाले, पोरा, तुझे हात चोळताना बघतो मी, तुला कुस्ती येते. मला हौद्यात घेतलं. मी फुललो हो. काही दिवस मला वाटलं, आता आपण पैलवान.

पण वस्तादांनी एक गोष्ट बजावलेली. पडायचं. पैलवानाला पाडायचं नाही, पैलवानानं पाडलं की पडायचं. मी वर्षानुवर्षं पडत आलो. सकाळी त्याच्याखाली पडायचो, दुपारी त्याचं अंग चोळायचो, तो म्हणेल तेव्हा त्याची दाढी करायचो. त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. "न्हाव्या" म्हणायचा. माझ्या कानालाही तेच माझं नाव वाटायला लागलं होतं.

निरगुडसरची मानाची कुस्ती सर्जेरावाची होती. समोर संगमनेरकडचा एक पैलवान यायचा होता. आला. फडात फिरून सगळ्यांना हात जोडले, माती कपाळाला लावली. साधा, काळा, दगडासारखा माणूस. सर्जेरावानं त्याला एकदा पाहिलं आणि मला जवळ बोलावून उजवा खांदा दाबायला सांगितलं. सकाळी तो खांदा मीच चोळला होता. त्याला काही झालेलं नव्हतं.

पंचांना निरोप गेला, पैलवानाचा खांदा उतरलाय, मोठी कुस्ती होत नाही. लोक चिडले. कुठून कुठून चालत आलेली माणसं. संगमनेरच्या गड्यानं अंगावर धोतर घेतलं. इनामदारांचं तोंड पडलं. तेव्हा सर्जेराव पुढं झाला आणि म्हणाला, लोकांना मोकळं कशाला पाठवायचं, मी आपल्याच माणसाबरोबर चार डाव दाखवतो. आणि माझ्याकडं बोट केलं. लढायला दुखणारा खांदा डाव दाखवायला दुखत नव्हता. हे कुणाच्याही लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

सलामीला हात मिळवताना तो कानाशी म्हणाला, "पहिल्याच डावाला पड. लई ताणू नगंस."

मी पडणार होतो. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. हलगी कडकडत होती, त्यानं माझा पाय धरला, मी अंग सैल सोडलं आणि खाली गेलो. पण पाठ टेकायच्या आत त्यानं माझा गुडघा पिळायला घेतला. मी तर पडतच होतो. त्याला गरज नव्हती. लोकांनी ओरडलेलं ऐकायचं होतं त्याला. तोच पाय, तीच पकड, जी मी कोंडाजीच्या पायावर बघितली होती. कळ डोक्यात गेली. पुढचं मी ठरवून केलं नाही. अंगानं केलं. मी त्याच्याच ओढीवर आतल्या बाजूनं वळलो, त्याच्या काखेत हात घातला, आणि त्याचं सगळं धूड माझ्यावरून पलीकडं गेलं. तो उताणा पडला. दोन्ही खांदे मातीत. मी छातीवर.

हलगी थांबली.

मी उठलो आणि त्याला उठवायला हात पुढं केला. तो हात मी का केला ते मला माहीत आहे. मामानं शिकवलं होतं म्हणून. त्यानं तो बघितला आणि बाजूला सारला. मग मोठ्यानं पंचांना म्हणाला, "पाठ लागली न्हाई. मी सैल सोडलं व्हतं त्याला." पंच इनामदारांकडं बघू लागले. इनामदार पानाचा डबा उघडून बसले. पंचांनी कुस्ती धरलीच नाही. आणि मग पाट, आणि धोकटी.

कुस्ती ठरली की तो डोक्याला वस्तरा लावू द्यायचा नाही. त्यामुळं केस वाढलेले, दाढीचे खुंट आलेले. "आधी दाढी," तो म्हणाला. "मग डोकं. शेंडी सांभाळ."

मी त्याची दाढी केली. माझ्या अंगावरची माती त्याच्या खांद्यावर गळत होती. गळ्याखालून वस्तरा वर नेताना त्यानं मान मागं टाकली आणि डोळे मिटले. झोप लागल्यासारखे. तेव्हा मला कळलं. हा माणूस मला घाबरत नव्हता. आत्ता, एवढ्यात ज्याच्या हातानं तो मातीत गेला, त्याच्या हातात पातं होतं आणि यानं गळा उघडा ठेवला होता. मारायचं माझ्या मनात नव्हतं. पण त्याच्याही मनात ते आलं नाही. मी त्याला माणूस वाटलो असतो तर त्यानं निदान एक डोळा उघडा ठेवला असता.



मी डोकं भिजवलं. उजव्या बाजूनं सुरू केलं. अर्ध्यावर आलो तेव्हा तो इनामदारांकडं बघून म्हणाला, "सरकार, याचा हात हितंच बरा चालतो." पुन्हा सगळे हसले.

मी वस्तरा पुसला. मिटला. वाटीतलं पाणी ओतून दिलं.

"उठा, पैलवान," मी म्हणालो.

"आरं, निम्मं ऱ्हायलं."

"तुमची पाठ लागली व्हती. तेवढं तोंडानं म्हना, उरलेलं करतो."

त्यानं हात लावून बघितला. एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला केस. माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. मी धोकटी काखेला मारली आणि माणसांतून वाट काढत निघालो. कुणी अडवलं नाही.

तो डोक्याला पंचा गुंडाळून इनामदारांच्या दमणीत बसून गेला. दुसऱ्या दिवशी जुन्नरात उरलेलं डोकं एका न्हाव्यानं केलं. माझाच चुलतभाऊ. त्यालाही पोरंबाळं आहेत.

काही दिवसांनी आमच्या चावडीवर मला बोलावलं. इनामदार आले होते, वस्ताद होते, सर्जेराव नव्हता. इनामदार चढ्या आवाजात बोललेच नाहीत. म्हणाले, झालं ते झालं. तू चार लोकांत एवढंच सांग की पाठ लागली नव्हती, पैलवानानं डाव दाखवायला अंग सोडलं होतं. तालीम तुला मोकळी आहे, बलुतं चालू आहे.

मी वस्तादांकडं वळलो. म्हटलं, "वस्ताद, तुमी म्होरंच बसला व्हता. तुमी सांगा."

ते जमिनीकडं बघत राहिले. "ऊन डोळ्यावर आलं व्हतं, पोरा," म्हणाले.

मातीवर ज्यांचा शब्द शेवटचा, ते असं म्हणाले. सर्जेरावाच्या शब्दानं मला एवढं लागलं नव्हतं.

मग बा उठला. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि माझ्या पायावर ठेवलं. सगळ्या गावासमोर. मला वाटलं, भुई फाटावी. मी ते उचललं, झटकलं, त्याच्या डोक्यावर परत ठेवलं आणि इनामदारांकडं बघून म्हणालो, "पाठ लागली व्हती."

त्या सुगीला आम्हाला खळ्यावर कुणी बोलावलं नाही. बा घोडेगावकडं आत्याच्या घरी गेला. माझ्याशी बोलत नाही. मी बोलवायला गेलो की तो परसात जाऊन बसतो. आई दोघांच्या मधे सुकून गेली. मी आता बाजारच्या दिवशी झाडाखाली बसतो. येईल त्याचं डोकं करतो. फडात हलगी वाजवणारा मांग एकदा असाच आला, लांब उभा राहिला. त्याला आमच्यातलं कुणी वस्तरा लावत नव्हतं. मी बस म्हटलं. डोकं करून घेताना तो म्हणाला, "मी हलगी उगंच न्हाई थांबवली त्या दिशी. पन मला कोन इचारतंय." मला एवढा एकच साक्षीदार मिळाला, आणि त्याला चावडीवर चढता येत नाही.

आणि सर्जेराव आहे तिथंच आहे. फेटे बांधून घेतो, हलके गडी पाडतो, खांदा दुखवून घेतो. लोक टाळ्या वाजवतात. ज्यांना कळतं तेही वाजवतात. याचा मला उबग येतो. मला कुठल्याच फडात उतरू देत नाहीत. जिथं गेलो तिथं निरोप माझ्याआधी पोचलेला असतो. माझं अंग आता उतरायला लागलंय. ती एक कुस्ती मी लढलो, आणि ती झालीच नाही असं सगळ्या मुलखाचं म्हणणं आहे.

म्हणू देत. फडात उतरायला मला मनाई आहे, बसायला नाही. तो जिथं लंगोट लावेल तिथं मी जातो. चालत जातो. सगळ्यांत पुढं बसतो, त्याच्या नजरेसमोर. ओरडत नाही, टाळी वाजवत नाही. तो सलामी देत फिरतो आणि माझ्यापाशी आला की मान वळवतो. मानेवर दगड ठेवल्यासारखी वळवतो. मी बघत राहतो. शेजारचा कुणी विचारतोच, कोण रं तू, असा काय बघतोस. त्याला मी सांगतो. त्याच्या शेजारच्यालाही सांगतो. माझं पोट खपाटीला जाईल, बा बोलणार नाही, एखाद्या दिवशी इनामदारांची माणसं मला मारतीलही. तरी पुढच्या जत्रेला मी तिथं असेन. तो स्वतःच्या तोंडानं म्हणेपर्यंत मी उठणार नाही.