साळुबाई निवास

गोरख मूळचा शिनोलीचा. दहावीला नापास झाला, तसा पुण्यात एका कारखान्यात अॅक्रिलिक कापायला लागला. तिथला मेस्त्री सांगायचा, काचेसारखं आरपार दिसणारं हे प्लास्टिक लढाईतल्या विमानांच्या खिडक्यांना लागलं, मग गाड्यांच्या दिव्यांना, अन् आता तर मोतीबिंदू काढून डोळ्यात भिंग म्हणूनही बसवतात. गोरखला त्याचं भारी अप्रूप. पुढं नारायणगावात जीपस्टँडमागं त्यानं गाळा घेतला. डॉक्टरांच्या पाट्या, मिठाईवाल्यांच्या पेट्या, शाळांची स्मृतिचिन्हं, पडेल ते काम करायचा. क्लोरोफॉर्मनं तुकडे चिकटवताना डोकं जड व्हायचं. मागच्या खोलीत बायको रत्ना आणि आई साळुबाई.

थोरला भाऊ संपत जुन्नरला कारकून होता. तिथं त्यानं बंगला बांधला आणि एक दिवस गाळ्यावर आला.

"पाटी करायची, गोरख. आरपार शीट, मागनं सोनेरी अक्षरं. 'साळुबाई निवास'."

गोरखला भरून आलं. वडील गेल्यापासून आईला संपतनं कधी चार दिवस नेलं नव्हतं. आता घरालाच तिचं नाव, म्हणजे नेणार. त्यानं एकेक अक्षर करवतीनं कापलं, कडा घासून घासून लखलखीत केल्या. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्ये माझं नाव व्हय? लई चकाकतंय रं."

वास्तुशांतीला निघताना तिनं लुगडी, चोळ्या, तपकिरीची डबी असं सगळं गाठोड्यात बांधलं.

जुन्नरला मांडवात साळुबाईला पुढं बसवलं, पाटीखाली उभं करून फोटो काढला. पंगती उठल्या. पाहुणे पांगले. साळुबाई गाठोडं घेऊन ओट्यावर बसून राहिली. शेवटी संपत आला.

"आई, खोल्या अजून वल्या हायत. तुला बाधंल. दिवाळीनंतर बघू."

गोरखनं भावाकडं पाहिलं. भावजय आत भांडी मोजत होती, तिनं मान वर केली नाही.

परतीच्या जीपमध्ये साळुबाई शेजारी बसलेल्या बाईला सांगत होती, "थोरल्याचा बंगला हाय. माझं नाव लावलंय त्याला."

"मग आजी, तिथंच ऱ्हायचं की."

"न्हाई बाई. मला हितंच करमतं."

गोरख खिडकीबाहेर तोंड करून बसला.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. संपत आला नाही. साळुबाईनंही विषय काढला नाही. वर्षभरानं ती गेली, ती गाळ्यामागच्या खोलीतच. तेराव्याला संपत सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. चार दिवसांनी परत गाळ्यावर आला.

"पाटी नवी करू. वर 'मातोश्री' पाहिजे."

"शीट संपली," गोरख म्हणाला.

भिंतीला शीटा टेकून उभ्या होत्या, वरचा कागदही न सोललेल्या, कोऱ्या. संपतनं त्या पाहिल्या. तो पायऱ्या उतरला.

रत्ना म्हणाली, "करून दिली असती, तर काय बिघडलं असतं? सख्खा भाऊ हाय."

"माझं नसतं बिघडलं," गोरख म्हणाला, आणि त्यानं करवत चालू केली.

त्यानंतर भाऊ बोलले नाहीत. पुढं फ्लेक्स आलं, पाट्यांचं काम आटलं. जुन्नरची कामं यायची, पण गोरख ती दुसऱ्याकडं पाठवायचा.