समईभोवतीचं वलय

डोळे गेले तर माझं शिवणकाम गेलं, हे कळत असूनही मी चार महिने डॉक्टरकडे गेले नाही. मला वाटत होतं, देव भेटतोय. त्याआधी देवघरातल्या लाइटच्या माळेचा शॉक बसला होता. न्हाऊन ओल्या केसांनीच माळ सरळ करायला वाकले, उघडी वायर कपाळाला लागली आणि मी मागे फेकले गेले. भाजलेलं पंधरा दिवसांत बरं झालं. बाळकृष्णानं वाचवलं, असं मी शनिवार पेठेत भेटेल त्याला सांगत सुटले.

सहा-सात महिन्यांनी संध्याकाळी समईच्या ज्योतीभोवती सोनेरी वलय दिसू लागलं. मी हात जोडून रडले. सुईत दोरा ओवता येईना, तर वाटलं, आता संसारातून लक्ष उडतंय. "मग देवालाच काजं करायला बसव," हे म्हणाले. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही.

एकदा पंखा दुरुस्त करायला रहीमचाचा आले, म्हातारे वायरमन. मी त्यांनाही कौतुकानं वलयाचं सांगितलं. ते हसले नाहीत. हातातली बॅटरी लावून म्हणाले, "ताई, याच्याभोवती पण दिसतं का?"

दिसत होतं. माझा चेहराच उतरला.

"डोक्याला कधी शॉक बसला होता?" मी हो म्हटलं. "माझाही डोळा असाच धूसर होत गेला होता. शॉकनंतर कित्येक महिन्यांनी मोतीबिंदू येतो. उद्याच दाखवा, आणि शॉकचं आठवणीनं सांगा. नाहीतर नुसता चष्मा बदलून देतील."

चाळिशीतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शॉकचं ऐकून डॉक्टरांनी आतला पडदाही तपासला. तो शाबूत होता. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर मी पुन्हा समई लावली. ज्योत साधी, एवढीशी. वलय नव्हतं. खरं सांगते, क्षणभर मला पोरकं वाटलं. मग बाळकृष्णाकडे नीट पाहिलं. गंधाचे थर कपाळावर नव्हतेच, डाव्या गालावर वाळून बसले होते. इतके महिने मी त्याच्या गालालाच गंध लावत होते आणि त्यानं ते निमूट लावून घेतलं होतं. मला काही दिसत नव्हतं, तेव्हाही त्यानं मला सांभाळलं. चाचांना पाठवलं ते त्यानंच, असं मी मानते. आता मी खुणा मागत नाही. पदर ओला करून त्याचा गाल पुसला आणि कपाळाला गंध लावलं.