डाव्या अंगाचे वाफे

माझा थोरला भाऊ खोटं बोलत नव्हता. तीन वर्षांपूर्वी देवळाच्या सभामंडपात, सगळ्या भावकीसमोर, मी याच्या अगदी उलट बोललो होतो. माझ्या शब्दाला तिथे वजन होतं, कारण मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. म्हणून ते बोलणं परत घ्यायचं तर नीट, पहिल्यापासून सांगायला हवं.

आमची जमीन पिंपळवंडीच्या बाजूला, चार घरांच्या सामाईक विहिरीवर. वरच्या अंगाला विहीर, खालच्या अंगाला रस्ता आणि रस्त्याकडेला दादाचं घर. मधून पाट वाहतो. विहिरीकडून पाटाने खाली चालत निघालं की उजव्या हाताला दादाचे वाफे आणि डाव्या हाताला माझे. नोकरीमुळे मी घोडेगावला राहिलो, निवृत्तीनंतरही तिथेच घर केलं. रविवारच्या एसटीने गावी यायचो, कधी तेही नाही. दोन्हीकडची दारं दादाच धरायचा. पाणी आलं की उजवा वाफा फोडायचा, तो भरला की बुजवून डावा फोडायचा, असं करत खाली सरकायचं. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवल्यापासून विहिरीकडे परत जायचं कारण उरलं नव्हतं. वर विहिरीकडे जायचा तो माझ्या रानाबाहेरच्या गाडीवाटेने, आणि वीज गेली की फावडं खांद्यावर टाकून खालच्या अंगाने सरळ घरी.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याला लकव्याचा झटका आला. डावा हात गेला, तोंड वाकडं झालं. पंधरा दिवस दवाखान्यात काढले. मग हात बराचसा परत आला, बोलणं स्वच्छ झालं, आणि महिन्या-दीड महिन्यात तो पुन्हा पाटावर उभा राहिला. सगळे म्हणाले, वाचला. मीही म्हणालो.

फेब्रुवारीत मी गावी आलो तेव्हा माझ्या कांद्याने माना टाकल्या होत्या. पात पिवळी, वाफ्यांना भेगा. पाटाच्या पलीकडे दादाचा कांदा हिरवागार, वाफे अजून ओले. आदल्या वर्षी बांधावरून आमचं वाजलं होतं. ते मला लगेच आठवलं.

मी त्याला घरातून बोलावून घेतलं. आम्ही पाटाने खालून वर चालत गेलो. थोडं पुढे आल्यावर तो थबकला आणि ओरडला, "आरं, कुनी जाळला रं हा कांदा?"

मी म्हणालो, "तू."

"म्या? येड लागलं का तुला! म्या समद्याला पानी दिलंय. परवा दिलंय."

"मग हे काय आहे?"

"त्येच इचारतोय मी. कुनी केलं हे?" त्याचे डोळे भरून आले होते. कांदा जळालेला त्याला कुणाच्याच रानात बघवत नसे.

मला वाटलं, नाटक करतोय. जाळायचं आणि वर विचारायचं. मी त्याला पाटावरच नको ते बोललो आणि आठवड्याच्या आत भावकी गोळा केली.

सभामंडपात पंधरा-वीस माणसं होती. दादा खांबाला टेकून बसला होता. आमचे चुलते, तेव्हा ऐंशीच्या पुढचे, त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "मास्तर, आजारपनानं डोस्क्यात काय फरक पडला आसंल का त्याच्या? तुमी शिकल्याले."

प्रश्न बरोबर होता. न शिकलेल्या माणसाने विचारला होता आणि शिकलेल्याने त्याचं उत्तर दिलं. मी म्हणालो, "डोकं बिघडलं असतं तर दोन्हीकडे चुकलं असतं. कुठे कमी, कुठे जास्त. इथे पाटाच्या एका बाजूचा एकही वाफा चुकलेला नाही आणि दुसऱ्या बाजूचा एकही भिजलेला नाही. इतकं नेमकं काम पूर्ण शुद्धीत असलेला माणूसच करतो."

दादा म्हणाला, "म्या दिलं पानी." पुन्हा म्हणाला. मला वाटतं चार-पाच वेळा म्हणाला. दहा वर्षांचा असल्यापासून दारं धरणाऱ्या माणसाला त्या दिवशी सांगण्यात आलं, की सामाईक पाटाला यापुढे हात लावायचा नाही. पाटाच्या दोन्ही बाजूंना पाणी द्यायला गडी ठेवला.

त्यानंतर पारावरची पोरं त्याला छेडायची. "दादा, आज कुन्या बाजूला पानी?" तो म्हणायचा, "दोनीकडं." हशा व्हायचा. ही गोष्ट मला घोडेगावात कळली आणि मी काही केलं नाही.

आता यातली लाजिरवाणी गोष्ट. शाळेत आमच्याकडे मेंदूची प्लास्टरची प्रतिकृती होती, दोन भाग वेगळे करता येणारी. ती हातात धरून मी दरवर्षी सांगायचो, उजवा भाग डावं अंग सांभाळतो. दर परीक्षेत त्यावर प्रश्न घालायचो. मन म्हणून वेगळं काही नसतं, मेंदूचं काम म्हणजेच मन, हेही मी ठासून सांगायचो, आणि एखाद्या मुलाने आत्म्याचं नाव काढलं तर हसायचो. स्वतःच्या भावाची डावी बाजू गेली होती आणि डाव्याच बाजूचे वाफे कोरडे होते. तरी मला दिसला तो राग, आकस, बांधाचं भांडण. दुसऱ्यांच्या बाबतीत मी मेंदू मानत होतो. भावाच्या बाबतीत मला मन सापडलं, तेही काळं.

सहा-सात महिन्यांनी जमिनीच्या कागदावर त्याची सही हवी होती म्हणून मी गेलो. भर दुपार होती. वहिनीने दोन ताटं वाढली. बाजरीची भाकरी, वाटाण्याची उसळ, डावीकडे ठेचा आणि कांदा. मी मान खाली घालून जेवत होतो. थोड्या वेळाने दादाचं ताट पाहिलं तर उसळ संपलेली, भाकरी मधोमध अर्धी तुटलेली, आणि डाव्या अर्ध्याला बोटही लागलेलं नाही. तो म्हणाला, "झालं माझं. आज भाकर बारकी केली व्हती?"

वहिनी पुढे झाली आणि तिने ताट अर्धं गोल फिरवलं. ताट असं फिरवणं आमच्याकडे बरं दिसत नाही, पण तिने ते चुलीत लाकूड सारावं इतक्या सवयीने केलं.

दादा खुश झाला. "आगं, ठेचा कव्हा वाढला?"

"मगाशीच."

"मगाशी नव्हता."

"बरं, नव्हता. खावा आता."

मी विचारलं, "वहिनी, हे कधीपासून?"

"दवाखान्यातनं आले तव्हापासनं. दाढीबी अर्धीच करत्यात. डावी वहाण घालायची ऱ्हाती. भाऊजी, मला वाटलं तुमाला ठावं आसंल. तुमी मास्तर."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मी दोन दिवस राहिलो आणि त्याला जुन्नरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "बाबा, हिच्या बरोबर मध्यावर खूण करा." दादाने नीट विचार करून खूण केली, उजव्या टोकापासून चार बोटांवर. "आली का मध्यावर?" "तर वो! बराबर मधी." डॉक्टर मला म्हणाले, "डोळे उत्तम आहेत यांचे. डावीकडचं मेंदूपर्यंत पोचतं, पण यांच्या लेखी ती बाजूच नाही. आणि ती नाही हे यांना कळत नाही."

आम्ही खालून वर चालत गेलो होतो तो दिवस मला तिथेच खुर्चीत उलगडला. गाडीवाटेने वर जाताना माझं रान कायम त्याच्या डाव्या हाताला असायचं; त्या दिवशी पाटाने वर चालताना ते उजव्या हाताला आलं होतं. माझा जळालेला कांदा त्याने त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला होता.

परत आल्यावर मला एक गोष्ट तपासून बघावीशी वाटली. अपराधी वाटत होतं, पण खरं सांगतो, त्याहून कुतूहल जास्त होतं. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी म्हणालो, "दादा, डोळे मीट. तू वेशीपाशी उभा आहेस, तोंड देवळाकडे. चालत जा आणि लागतील ती घरं सांग."

"ह्यो काय खेळ?"

"सांग तर."

तो सांगू लागला. लोहाराचं घर, पिठाची गिरणी, चुलत्यांचा गुरांचा वाडगा, तालीम, देऊळ. सगळं उजव्या हाताचं. शेठजींचं किराणा दुकान त्यात नव्हतं. ते मारवाडी कुटुंब आमच्या गावात तीन पिढ्या आहे आणि दादा रोज सकाळी त्या दुकानाच्या पायरीवर तंबाखू मळायचा.

मी म्हणालो, "आता देवळातून वेशीकडे ये."

"शेठचं दुकान," तो लगेच म्हणाला. मग दवाखाना, जुनी चावडी, कुंभाराची आळी. गिरणी नाही, तालीम नाही.

म्हणजे डोळे मिटल्यावरही, स्वतःच्या आठवणीत चालतानाही, डावी बाजू नव्हती. आठवण शाबूत होती, नाहीतर परतीच्या वाटेवर दुकान आलंच नसतं. मग ते जाताना कुठे होतं? आणि सगळं सांगून झालं असं ज्याला वाटत होतं, तो कोण? त्याच्या आतून बघणाऱ्याला काही कमी असल्याची साधी शंकाही आली नव्हती. वर्गात मी मन म्हणजे मेंदूचं काम असं सांगायचो, ते दिव्याला वीज लागते इतकं सोपं समजून सांगायचो. वाक्य बहुतेक खरंच असावं. पण ते खरं असेल तर ते किती विचित्र आहे, याची कल्पना मला त्या ओट्यावर आली. उजव्या मेंदूतला एक ठिपका विझला की अर्धं जग जातं, आणि 'सगळं आहे' ही भावना मात्र तशीच पुरी राहते. त्या भावनेला वेगळी जागा असेल का? ती नेमकी कशावरून ठरवते, की सगळं म्हणजे एवढंच?

मी दादाला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग त्याने विचारलं, "म्हंजी त्या बाजूला काय आसतं?"

"सगळं असतं. माझा कांदा होता."

"आसंल. तू म्हनतो म्हंजी आसंल." दिल्ली आहे हे जसं आपण मानतो तसं त्याने ते मानलं. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझं काय काय ऱ्हायलंय, ते तुला कळतं का पन?"

मी हसलो. तो हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याच आठवड्यात मी भावकीला बोलावून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. लोकांना हे समजणार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पण समजावणं हा माझा धंदा होता, त्यामुळे ती सबब खरी नव्हती. माझं ते नेमकेपणाचं वाक्य परत घ्यायचं मला जड जात होतं. पुढच्या खेपेला, यात्रेनंतर, असं करता करता चौदा महिने गेले. दादा तोवर पाराकडे फिरकायचाही बंद झाला होता. दुसऱ्या झटक्यात तो गेला.

गेल्या महिन्यात त्याचं वर्षश्राद्ध झालं. पानं वाढण्याआधी मी उभा राहिलो आणि सांगितलं. रेघ, ताट, वेशीपासूनची घरं, सगळं. तेव्हा मी जे बोललो ते चूक होतं, आणि चूक कळल्यावरही मी गप्प बसलो, हेही.

एक चुलतभाऊ म्हणाला, "मास्तर, आता मेल्यावर सर्टिफिकेट देताय व्हय?" मी म्हणालो, "हो."

चुलते काठी धरून बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, "म्हंजी त्यो खोटं बोलत नव्हता?"

"नव्हता."

"मग तव्हा आमी इचारलं व्हतं की तुमाला."

"विचारलं होतं."

त्यांनी मान हलवली आणि दादाला छेडणाऱ्या पारावरच्या पोरांपैकी जे दोघे आता बापे होऊन तिथेच बसले होते, त्यांच्याकडे बघितलं. ते दोघे उठून वाढायला लागले.

माणसं गेल्यावर वहिनी पत्रावळी गोळा करत होती. मी मदतीला गेलो. सभामंडपातल्या त्या दिवसाविषयी ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. म्हणाली, "भाऊजी, एक इचारू? ते म्हनायचे ना, म्या पानी दिलं म्हनून. तव्हा त्यांच्या मनात तुमचा कांदा भिजल्याला दिसत आसंल का? का नुसतंच म्हनायचे?"

मला माहीत नव्हतं. कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. मेंदू उघडून पाहिला तरी त्यात ओला कांदा सापडणार नाही आणि कोरडाही. मी तिला तसंच सांगणार होतो. पण तिचं बोलणं मी मनात पुन्हा फिरवून पाहिलं, आणि तो सभामंडपात खांबाला टेकून चार-पाच वेळा जे म्हणाला, ते ज्या आवाजात म्हणाला तो आवाज आठवला.

"दिसत असेल," मी म्हणालो. "भिजलेलाच दिसत असेल."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि पत्रावळींचा ढीग उचलून उकिरड्याकडे गेली.